चेहरा ओळखणे आणि मेंदूसारखा ओळखणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, माकडाचा मेंदू चेहरे कसे ओळखतो आणि संगणकावर त्याची प्रतिमाने कशी तयार केली जातात, या विषयावर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला पानभर जागा मिळाली याचा आनंद आहेच. परंतु लेखातील तीन विधाने तशीच राहिली तर वाचक मूळ संशोधनाच्या जवळ जाण्याऐवजी त्यापासून दूर जाईल. ओळखीच्या प्रत्येक चेहऱ्यासाठी मेंदूत एक वेगळी पेशी असते, हे पहिले. शास्त्रज्ञांनी माकडाच्या मनातला चेहरा पडद्यावर उमटवला, हे दुसरे. आणि आजची चेहरे ओळखणारी यंत्रे मेंदूच्याच पद्धतीने काम करतात, हे तिसरे. पहिली दोन अतिशयोक्ती म्हणून सोडून देता आली असती. तिसरे मात्र, ज्या संशोधकांचा हवाला लेखात दिला आहे त्यांच्याच पुढच्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाते, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. मी मेंदूचा अभ्यासक नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. पण या संशोधनाचा गाभा संख्याशास्त्राचाच असल्यामुळे तेवढ्या बळावर चार शब्द लिहीत आहे.

एका चेहऱ्याला एक पेशी ही कल्पना जुनी आहे. पोलंडचे येझी कोनोर्स्की यांनी १९६७ मध्ये ती गंभीरपणे मांडली होती, आणि अमेरिकेत जेरोम लेटविन यांनी १९६९ च्या सुमारास वर्गात सांगितलेल्या एका विनोदी गोष्टीतून ‘आजीची पेशी’ हा शब्द रूढ झाला. मेंदूतल्या नेमक्या त्या पेशी काढून टाकल्या की माणूस आजीला विसरेल, अशी ती गंमत होती. त्याच काळात चार्ल्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडाच्या मेंदूत, शंखखंडाच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) खालच्या बाजूला, हाताच्या आकृतीला प्रतिसाद देणारी पेशी सापडली, आणि पुढे चेहऱ्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशीही. परंतु या पेशी कोणा एकाच्या चेहऱ्याच्या नव्हत्या. अनेक चेहऱ्यांना त्या कमीअधिक प्रमाणात प्रतिसाद देत. आपल्या लेखकाच्या मनात बहुधा २००५ मध्ये गाजलेली ती पेशी असावी, जी एका रुग्णाच्या मेंदूत जेनिफर अ‍ॅनिस्टन या अभिनेत्रीच्या छायाचित्रांना प्रतिसाद देताना आढळली. ती पेशी मात्र स्मृतीशी निगडित अशा, शंखखंडाच्या आतल्या बाजूच्या भागातली होती. चेहरा डोळ्यांपुढे आल्यावर त्याची घडण जिथे उलगडली जाते तो भाग वेगळा, आणि चर्चा त्याचीच चालली आहे.

या भागाचा नकाशा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तयार झाला. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर यांनी माणसाच्या मेंदूत चेहऱ्यांना विशेष प्रतिसाद देणारा एक प्रदेश एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे रक्तप्रवाहावरून दाखवणाऱ्या तंत्राच्या, साहाय्याने दाखवला. त्यानंतर डोरिस त्साओ आणि विनरिख फ्रायवाल्ड यांनी तेच तंत्र माकडांवर वापरले, आणि प्रतिमेत जो भाग उजळला नेमक्या त्याच जागी बारीक इलेक्ट्रोड उतरवून एकेका पेशीची नोंद घेतली. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला आकडा अजूनही चकित करतो: अशा एका प्रदेशात, डोळ्यांपुढच्या चित्राला प्रतिसाद देणाऱ्या पेशींपैकी ९७ टक्के पेशी चेहऱ्यांनाच प्रामुख्याने प्रतिसाद देत होत्या. शंखखंडात मागून पुढे असे सहा छोटे प्रदेश आहेत आणि ते एकमेकांशी जोडलेले आहेत, हे पुढे सिद्ध झाले. २०१० मध्ये असे दिसले की मधल्या प्रदेशांतील पेशींना चेहरा समोरून दिसतो की बाजूने याने फार फरक पडतो, त्याच्या पुढच्या प्रदेशात डावी आणि उजवी बाजू सारखीच मानली जाते, आणि सर्वांत पुढच्या प्रदेशात चेहरा कोणत्याही बाजूने दिसला तरी त्याच व्यक्तीचा म्हणून प्रतिसाद बराचसा कायम राहतो. २०२४ चे मेंदूविज्ञानातील कावली पारितोषिक या तिघांना मिळाले, एवढा उल्लेख लेखात यायला हरकत नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लेखात ज्याचा उल्लेख आहे तो प्रयोग ल चांग आणि डोरिस त्साओ यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये केला आणि २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या एका संग्रहावर आमच्या शास्त्रातली एक जुनीच पद्धत लावली. आधी प्रत्येक चेहऱ्यावर डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक, ओठांच्या कडा, जबड्याची रेषा अशा ठरावीक खुणा करायच्या. या खुणांच्या जागा म्हणजे चेहऱ्याची ठेवण. मग रबरी कापड ताणावे तसा प्रत्येक चेहरा ताणून त्याच्या खुणा सरासरी ठेवणीवर आणायच्या. त्यानंतर जे उरते, म्हणजे कांती, उजेड-सावली, भुवयांचा दाटपणा, ते त्या चेहऱ्याचे रंगरूप. ठेवण आणि रंगरूप या दोन्हींवर स्वतंत्रपणे प्रमुख घटक विश्लेषण (चेहऱ्या-चेहऱ्यांतला फरक ज्या थोड्या दिशांत सर्वांत जास्त दिसतो त्या शोधण्याची पद्धत) करून प्रत्येकाचे २५ घटक घेतले की कोणताही चेहरा ५० आकड्यांत लिहिता येतो. एका अर्थाने तो पन्नास मितींच्या अवकाशातला एक बिंदू होतो, आणि त्या अवकाशाच्या मध्यभागी सरासरी चेहरा बसतो. या आकड्यांपासून त्यांनी २,००० नवे चेहरे तयार केले आणि ते पाहताना दोन माकडांच्या मेंदूतील २०५ पेशी कशा वागतात, हे नोंदवले.

जे आढळले ते इतके साधे होते की मला तरी पहिल्यांदा वाचताना विश्वास बसला नाही. प्रत्येक पेशीचा त्या अवकाशात स्वतःचा एक अक्ष असतो. चेहऱ्याचा बिंदू त्या अक्षावर प्रक्षेपित केला की मिळणारी लांबी जितकी जास्त, तितक्या वेगाने पेशी संदेश सोडते. अक्षाला लंब असलेल्या दिशांत चेहरा कितीही बदलला तरी पेशीला त्याची दखल नसते. मधल्या प्रदेशांतील पेशी ठेवणीकडे अधिक लक्ष देतात, पुढच्या प्रदेशातील रंगरूपाकडे.

वर्गात मी हे असे शिकवले असते. पन्नास विषयांची एक गुणपत्रिका आहे आणि ती तपासणारे २०५ परीक्षक आहेत. प्रत्येक परीक्षक आपल्या मर्जीने विषयांना भार देतो, कोणी गणिताला तिप्पट, कोणी भाषेला निम्मा, कोणी चित्रकलेला चक्क उणे, आणि शेवटी आम्हाला फक्त एक बेरीज सांगतो. एका परीक्षकाच्या बेरजेवरून विद्यार्थी कोण हे कधीच कळणार नाही, कारण अगदी वेगळ्या गुणपत्रिका असलेल्या हजार मुलांची बेरीज त्याच्याकडे सारखीच येऊ शकते. मात्र भार वेगवेगळे असलेले पुरेसे परीक्षक हाताशी असले, तर पन्नास अज्ञात संख्यांची एकसामयिक समीकरणे सोडवून संपूर्ण गुणपत्रिका परत लिहिता येते. चांग आणि त्साओ यांनी याची उलट तपासणीही केली. एकमेकांसारखे मुळीच न दिसणारे, पण एखाद्या पेशीच्या अक्षावर एकाच जागी पडणारे चेहरे त्यांनी मुद्दाम तयार केले, आणि त्या पेशीने त्या सर्वांना जवळपास सारखाच प्रतिसाद दिला. ‘प्रत्येक चेहऱ्यासाठी एक पेशी’ या विधानाला यापेक्षा सरळ उत्तर मिळणे कठीण आहे.

याच समीकरणांतून तो ‘मनातला चेहरा’ निघाला. २०५ पेशींच्या नोंदींवरून ५० आकडे काढले, आकड्यांवरून चित्र तयार केले, आणि ते माकडाला दाखवलेल्या चित्राशी इतके जुळले की दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक शोधावा लागतो. कामगिरी मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तो चेहरा त्या क्षणी माकडाच्या डोळ्यांपुढे होता. आठवलेला, कल्पिलेला किंवा लपवलेला नव्हता. शिवाय दाखवलेले चेहरे त्याच पन्नास आकड्यांपासून तयार केलेले होते, त्यामुळे उत्तर कोणत्या चौकटीत शोधायचे हे आधीच ठरलेले होते. आणि इलेक्ट्रोड कवटीच्या आत उतरवावे लागतात. डोक्यावर टोपी घालून हे साधत नाही. लेखासोबतच्या रेखाचित्रात माणसाच्या डोक्यावर दाखवलेले शिरस्त्राण निव्वळ चित्रकाराची कल्पना आहे.

तिसऱ्या विधानावर मात्र थोडे थांबावे लागेल. चेहऱ्यांचे वर्णन आकड्यांत करण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांतली मेंदूच्या सर्वांत जवळची कोणती, हा प्रश्न २०१७ नंतर साहजिकच उभा राहिला. लॉरेन्स सिरोविच आणि मायकेल किर्बी यांनी १९८७ मध्ये सुचवलेली, व टर्क आणि पेंटलंड यांनी १९९१ मध्ये चेहरे ओळखण्यासाठी वापरलेली ‘आयगनफेस’ पद्धत छायाचित्रातील बिंदूंच्या उजळपणावर थेट घटक विश्लेषण करते. खुणा जुळवत नसल्यामुळे तिच्यात एकाचे नाक दुसऱ्याच्या गालावर पडते. मी वर वर्णन केलेली ठेवण आणि रंगरूप वेगळे करण्याची पद्धत म्हणजे टिम कूट्स आणि सहकाऱ्यांचे १९९८ चे ‘अ‍ॅक्टिव्ह अपिअरन्स मॉडेल’. फोल्कर ब्लांझ आणि थोमास फेटर यांचे १९९९ चे प्रतिमान चेहऱ्याला त्रिमिती वस्तू मानते आणि प्रकाश कुठून पडतो याचाही वेगळा हिशेब ठेवते. आणि अलीकडची डीप न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकणाऱ्या अनेक थरांच्या संगणकीय रचना: काही वस्तूंची छायाचित्रे वर्गवारी करायला शिकलेली, तर काही, उदाहरणार्थ ‘व्हीजीजी-फेस’, लक्षावधी छायाचित्रांवर केवळ माणसे ओळखायला शिकलेली.

यांची थेट तुलना चांग आणि त्साओ यांनी बर्नहार्ड एगर व थोमास फेटर यांच्यासह केली आणि ती २०२१ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. खऱ्या माणसांची छायाचित्रे माकडांना दाखवून सर्वांत पुढच्या प्रदेशातील पेशींच्या नोंदी घेतल्या, आणि त्या नोंदींचे स्पष्टीकरण कोणते प्रतिमान किती देते हे मोजले. घटकांची संख्या सर्वांना सारखी ठेवली होती, म्हणजे केवळ आकाराच्या जोरावर कोणी पुढे जाऊ नये; संख्याशास्त्राच्या माणसाला ही काळजी पाहून बरे वाटते. निकाल असा की १९९८ चे जुने प्रतिमान सर्वांत सरस ठरले. त्याच्या बरोबरीला येऊ शकले ते ‘कॉर्नेट-झेड’ नावाचे एकच नेटवर्क, तेही चित्रांच्या काही संचांपुरते, आणि ते चेहऱ्यांवर नव्हे तर सर्वसाधारण वस्तूंवर शिकलेले होते. केवळ चेहरे ओळखण्यासाठी तयार केलेली नेटवर्क, ज्यांना आपल्या लेखात ‘मेंदूची प्रतिकृती’ म्हटले आहे, ती पेशींचे वर्तन समजावून देण्यात मागे पडली.

याचे कारण संशोधकांनी दिले आहे आणि ते विचार करण्यासारखे आहे. ओळख पटवणाऱ्या यंत्राला बाकी सर्व विसरायला शिकवलेले असते. विमानतळाच्या दारावरील कॅमेऱ्याला प्रवासी सकाळच्या उजेडात उभा आहे की रात्रीच्या दिव्याखाली, तो हसतो आहे की जांभई देतो आहे, याच्याशी कर्तव्य नाही. किंबहुना हे सर्व जितके पुसले जाईल तितके ते यंत्र चांगले. माकडाच्या पेशी हे पुसत नाहीत. उजेडाची दिशा बदलली की त्यांचा प्रतिसाद बदलतो, जरी व्यक्ती तीच असली तरी. ओळखीसाठी निरुपयोगी असलेली ही माहिती मेंदू शेवटच्या प्रदेशापर्यंत सांभाळत नेतो. मला स्वतःला यात नवल वाटत नाही. कळपात राहणाऱ्या प्राण्याला समोरचा कोण आहे एवढेच कळून भागत नाही; तो कुठे पाहतो आहे, चिडला आहे का, म्हातारा की तरुण, उन्हात आहे की सावलीत, हेही एकाच नजरेत कळावे लागते. अर्थात हा माझा तर्क झाला, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

म्हणजे ओळखण्याच्या परीक्षेत दोघांना सारखे गुण मिळाले म्हणून दोघांनी उत्तर एकाच रीतीने काढले असे होत नाही. गणिताच्या शिक्षकाला हे सांगावे लागत नाही. उत्तर बरोबर आणि पायऱ्या भलत्याच, अशा उत्तरपत्रिका आम्ही आयुष्यभर तपासल्या.

यंत्रांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मला सुचवायचे नाही. कॅनविशर यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले की वस्तू आणि चेहरे दोन्ही शिकवलेले नेटवर्क, कोणी सांगितले नसतानाही, आपल्या आत चेहऱ्यांसाठी आणि वस्तूंसाठी वेगळे भाग करून घेते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले काम तर आपल्या लेखात यायलाच हवे होते. चित्र उलटे धरले की चेहऱ्यातील डोळे आणि ओठ उलटे बसवले आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रावर १९८० मध्ये दाखवलेली ही गंमत अनेक वाचकांनी पाहिली असेल. अरुण यांच्या गटाला हा परिणाम वस्तू ओळखायला शिकलेल्या नेटवर्कमध्येही सापडला. मात्र एक वस्तू दुसरीमागे झाकली गेली आहे हे समजण्यासारख्या, आपल्या दृष्टीला सहज असलेल्या इतर काही गोष्टी त्याच नेटवर्कमध्ये सापडल्या नाहीत. साम्य कुठे आहे आणि कुठे नाही याची अशी मोजणी, मोघम ‘मेंदूसारखे’ या शब्दापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

वाद अजून मिटलेला नाही, हेही वाचकांना कळायला हवे. इल्कर यिल्दिरिम, फ्रायवाल्ड, जोशुआ टेनेनबॉम आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे मांडले की मेंदू चित्रकाराच्या उलट दिशेने काम करतो: चित्रावरून चेहऱ्याचा त्रिमिती आकार, त्याचा पोत आणि त्यावरचा प्रकाश काय असावा याचा अंदाज बांधतो. तसे शिकवलेले त्यांचे नेटवर्क, मागून पुढे जाताना माकडाच्या प्रदेशांत दिसणाऱ्या पायऱ्यांशी चांगले जुळते. दुसरीकडे मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांच्या गटाने २०२३ मध्ये, या पेशी चेहरा नसलेल्या वस्तूंना जो थोडाफार प्रतिसाद देतात त्याचा अभ्यास करून म्हटले की त्यांची लिपी खास चेहऱ्यांची नाहीच. ती सर्वसाधारण वस्तूंवर शिकलेल्या नेटवर्कवरून अधिक चांगली वाचता येते. याच गटाने २०१७ मध्ये दाखवले होते की जन्मापासून चेहरे पाहूच न दिलेल्या माकडांत हे चेहऱ्यांचे प्रदेश तयारच होत नाहीत. त्या प्रयोगाचे वर्णन वाचताना मला सुख झाले नाही, हे इथे नमूद करतो.

लेखात पूर्णपणे निसटलेली गोष्ट म्हणजे ओळखीचा चेहरा. वर सांगितलेले बहुतेक सर्व प्रयोग अनोळखी चेहऱ्यांचे आहेत. माझ्यासारख्या शिक्षकाला मात्र वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी एसटी स्टँडवर भेटला तर नाव आठवत नाही, पण चेहरा क्षणात पटतो, मिशा आल्या असल्या आणि केस गेले असले तरी. २०२४ मध्ये त्साओ यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये याबद्दल लिहिले. चेहरा दिसल्यावर पहिल्या क्षणी ओळखीचे आणि अनोळखी चेहरे त्याच अक्षांच्या पद्धतीने मांडले जातात, आणि थोड्याच वेळाने, त्याच पेशींत, ओळखीच्या चेहऱ्यांची मांडणी बदलते. म्हणजे एकच पेशी आधी एक भाषा बोलते आणि लगेच दुसरी. चित्र आत गेले की एकदाच उत्तर देऊन थांबणारी नेटवर्क मुळात असे काही करत नाहीत, आणि ती ‘मेंदूच्याच पद्धतीने’ चालतात असे म्हणण्यातली ही दुसरी अडचण आहे.

म्हणून विनंती अशी की पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी, आणि निदान तिसरे विधान मागे घ्यावे. त्याच चौकटीत छायाचित्राचीही दुरुस्ती करता येईल. लेखासोबत काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराचे छायाचित्र छापले आहे. प्रयोग ज्यांच्यावर झाले ती ऱ्हीसस माकडे लाल तोंडाची असतात, आणि आपल्या सह्याद्रीच्या घाटांत गाड्यांपुढे येणारी माकडे त्यांचीच भावंडे आहेत. चेहरे ओळखण्यावरच्या लेखात चेहरा तरी बरोबर असावा.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त प्राध्यापक, संख्याशास्त्र), सातारा